पाहण्यासारखे नांदेड : यादीत असलेले आणि नसलेले

१

प्रत्येक जिल्ह्याची प्रेक्षणीय स्थळांची एक यादी असते. ती शाळेच्या पुस्तकात असते, सरकारी माहितीपुस्तिकेत असते, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर रंगवलेली असते. नांदेडची यादी सांगण्यासाठी कुणाला पुस्तक उघडावे लागत नाही. सचखंड गुरुद्वारा, गोदावरीचे घाट, नंदगिरीचा किल्ला, विष्णुपुरीचे धरण आणि काळेश्वराचे मंदिर. जिल्ह्यात फिरायचे तर कंधारचा किल्ला, माहूरची रेणुका, किनवटकडचा सहस्रकुंडाचा धबधबा. लातूरकडे वळलात तर गंजगोलाई, खरोशाची लेणी, औसा आणि उदगीरचे किल्ले.

ही यादी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. यातील प्रत्येक जागा पाहण्यासारखीच आहे. माझे म्हणणे असे की ही यादी अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणालाही एक इतिहास आहे. राजाने बांधलेले यादीत येते, देवाचे म्हणून जे आहे ते येते, निसर्गाने दिलेले येते. श्रमाने उभे केलेले आणि संघर्षाने मिळवलेले मात्र येत नाही. ज्या समाजात दगड फोडणारा गावाबाहेर आणि दगडाला शेंदूर लावणारा गावात राहत आला, त्या समाजाची प्रेक्षणीयतेची कल्पनाही त्याच वेशीतून आत-बाहेर करते.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी एक गृहपाठ देतो : तुमच्याकडे परगावचा पाहुणा आला तर त्याला काय दाखवाल, अशा दहा जागा लिहा. गुरुद्वारा सगळ्यांच्या यादीत पहिला असतो. त्यानंतर किल्ला, घाट, धरण. अलीकडे मॉलही येऊ लागले आहेत. गिरणीच्या परिसरात वाढलेली मुले वर्गात असतात, पण गिरणी कुणी लिहीत नाही. एका विद्यार्थिनीने सातव्या क्रमांकावर ‘आमच्या वस्तीतले विहार’ असे लिहिले होते आणि मग त्यावर रेघ मारली होती. मी कारण विचारले तर ती म्हणाली, “सर, ते काही पाहण्यासारखं नाही. आमचंच आहे.”

हा लेख त्या रेघेविषयी आहे. आपले आहे म्हणून ते पाहण्यासारखे नाही, हे तिला कुणी शिकवले?

२

पाहणे हीही सर्वांना सारखी मोकळी असलेली गोष्ट नव्हती, हे प्रथम ध्यानात घ्यायला हवे. याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे आणि तो खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे.

१९३४ साली चळवळीतील काही सहकारी सहलीला निघाले. बाबासाहेबांनी बरोबर यावे असा त्यांनी आग्रह धरला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. सुमारे तीस माणसे होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वाटेत ही मंडळी दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेली. रमजानचा महिना होता. प्रवासाने अंगावर धूळ बसलेली. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले एक लहानसे तळे होते. काहींनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले आणि सगळे दाराशी गेले. एवढ्यात मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला : अस्पृश्यांनी तळे बाटवले. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. स्थानिक अस्पृश्यांनाही त्यात बोलणी खावी लागली. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही काय, असे बाबासाहेबांनी संतापून विचारले तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहायला मिळाला, पण अटीवर. आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि ही अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. हिंदूंना जो अस्पृश्य तो मुसलमानांनाही अस्पृश्यच, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. परदेशांत शिकून आलेला, बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस एक प्रेक्षणीय स्थळ पाहायला जातो आणि त्याच्यामागे शिपाई चालतो. किल्ला तोच, तट तेच, खंदक तोच. पण ज्याच्यामागे शिपाई नाही त्याने पाहिलेला दौलताबाद आणि बाबासाहेबांनी पाहिलेला दौलताबाद एक नव्हे.

म्हणून आपण जेव्हा किल्ल्यावर सहल नेतो तेव्हा ‘यादवांची राजधानी’ आणि ‘अभेद्य दुर्ग’ एवढेच सांगून थांबू नये. दाराशी उभे राहून १९३४ ची गोष्टही सांगावी. तीही त्या किल्ल्याचाच इतिहास आहे.

३

किल्ल्यांचे बोलणे निघाले आहे तर भिंतींचेही बोलू. कंधारचा खंदक पाहून लोक थक्क होतात. नांदेडचा किल्ला गोदावरीच्या वळणावर उभा आहे, तीन बाजूंनी नदी. हे कुणी बांधले याचे उत्तर आपण राजवंशाच्या नावाने देतो. दगड कुणी वाहिला, चुना कुणी मळला, वेठीला कुणाला धरले, हे फलकावर नसते. मराठी भाषेत मात्र एका भिंतीखाली गेलेल्या मजुराचे नाव टिकले आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेला. साल १३३८ सांगतात. चोखोबाचे नाव राहिले ते त्याचे अभंग होते म्हणून. बाकीच्यांचे काय? मराठवाड्यातल्या प्रत्येक तटाखाली असे बिननावाचे चोखोबा आहेत. तट पाहणे म्हणजे त्यांना पाहणे, असे आपण आपल्या विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे.

आता गुरुद्वारा. तो यादीत पहिला आहे आणि पहिलाच असावा. पण त्याचे काय पाहायचे?

गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येथेच त्यांचा अंत झाला. आपल्यानंतर कोणी माणूस गुरू होणार नाही, ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी येथे जाहीर केले. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात आजची वास्तू उभारली. सोन्याचा मुलामा, संगमरवर, गुरूंची शस्त्रे हे सगळे यात्रेकरू पाहतो. परंतु ज्या ग्रंथाला या नदीकाठी गुरुपद दिले गेले त्यात कुणाची वाणी आहे, हे तो पाहतो काय? त्यात चांभार रविदासांची वाणी आहे. विणकर कबीराची आहे. खाटीक सधनाची आहे, न्हावी सेनाची आहे. आणि ज्यांचे गाव म्हणून आज हिंगोली जिल्ह्यातले नर्सी सांगितले जाते, त्या शिंपी नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. म्हणजे ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवले गेले त्यांचे शब्द येथे सिंहासनावर आहेत आणि राजाही त्यांच्यापुढे डोके टेकतो.

१६९९ मध्ये आनंदपूरला जे पाच प्यारे पुढे आले त्यांतला साहिबसिंग बिदरचा न्हावी. बिदर म्हणजे उदगीरच्या शेजारचे. दुसरा हिम्मतसिंग पाणक्या, तिसरा मोहकमसिंग कापड छापणारा. याच गोदाकाठी १७०८ मध्ये माधोदास नावाचा बैरागी गुरूंना भेटला आणि बंदा बहादूर होऊन पंजाबात गेला. जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करणारा म्हणून पंजाबातला शेतकरी त्याला आजही ओळखतो. बंदा घाटावर फोटो काढणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

शीख समाजातून जात गेली असे मी म्हणत नाही. मजहबी आणि रामदासिया ही नावेच ती गेली नसल्याची साक्ष देतात. पण १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यानंतर बाबासाहेबांनी ज्या धर्मांचा गंभीरपणे विचार केला त्यांत शीख धर्म होता. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले होते. मुंबईचे खालसा कॉलेज १९३७ मध्ये निघाले त्यातही त्यांचा वाटा होता. पुढे मार्ग बदलला आणि आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास पोचलो. तरी त्या विचाराचा एक धागा नांदेडच्या या नदीकाठापर्यंत येतो. आपल्या कार्यकर्त्याने गुरुद्वारा पाहावा तो ह्या डोळ्यांनी.

२००८ मध्ये गुरुगद्दीची त्रिशताब्दी झाली. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेत नांदेड आले. रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, विमानतळ झाला. शहर पाहुण्यांसाठी सजले. पण सजवताना काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे ठरवावेच लागते. नांदेडने आपले यात्रेचे रूप पुढे केले. त्याचे दुसरे रूप, कष्टकऱ्यांच्या शहराचे, मागे पडले.

४

ते दुसरे रूप म्हणजे कापसाचे आणि गिरणीचे नांदेड.

काळी जमीन, गोदावरीचे पाणी आणि आगगाडी, या तीन गोष्टींनी ते घडवले. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड ही मीटरगेज लाइन गोदावरीच्या खोऱ्यातून गेली. कापूस गाडीत चढू लागला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. १९२० च्या दशकात निजामाच्या आश्रयाने उस्मानशाही मिल उभी राहिली. शेवटच्या निजामाचे, मीर उस्मान अलीखानाचे नाव तिला दिलेले होते. गुलबर्ग्यात महबूबशाही, नांदेडात उस्मानशाही, वरंगळला आझमजाही, अशा या संस्थानातल्या कापड गिरण्या. पुढे उस्मानशाही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, लोकांच्या तोंडी ‘टेक्सटाईल मिल’ झाली, आणि शेवटी बंद पडली. ज्या भोंग्यावर अर्ध्या शहराचा दिवस उगवत होता तो थांबला. माझ्या पिढीने तो ऐकला तो फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात : पहिल्या भोंग्याला उठायचे, दुसऱ्याला भाकरी बांधायची, तिसऱ्याला फाटकात.

गिरणी ही नुसती कापड काढणारी जागा नव्हती. बलुत्यात जगणाऱ्या माणसाला कामाचे तास नव्हते, मजुरी नव्हती, ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती. हाळी आली की जायचे. गिरणीने त्याला हप्ता दिला, हजेरीपट दिला, सुटीचा वार दिला. घाम गाळून मिळणारा पैसा त्याच्या हातात रोख पडू लागला. पाटलाच्या ओसरीपासून जे अंतर माणसाला हवे असते ते शहराने आणि गिरणीने दिले. त्या अंतरातच वाचनालये, पंचशीलाचे झेंडे, जयंतीच्या मिरवणुका आणि मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या.

गिरणीने जात मात्र मोडली नाही, हेही सांगायला हवे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाईखात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावायला तयार नव्हता. जास्त पगाराचे खाते म्हणून जे होते ते असे उष्ट्याच्या कल्पनेने बंद केलेले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला : कामगारांच्या एकजुटीची भाषा करता, तर आधी हे दार उघडा. यंत्र विलायतेतून आले, पण यंत्रापुढे कुणी उभे राहायचे हे मनूच ठरवत होता. गिरणीचा इतिहास सांगताना ही दोन्ही अंगे एकत्र सांगावी लागतात, आणि म्हणूनच तो इतिहास पाहण्यासारखा आहे.

बंद गिरणी पाहण्यासारखी असते काय, असे कुणी विचारील. अमेरिकेत मेरिमॅक नदीकाठी लॉवेल नावाचे शहर आहे. नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या कापड गिरण्यांनी ते वाढले आणि गिरण्या बंद पडल्यावर ओस पडू लागले. १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज तेथे बूट गिरणीच्या इमारतीत माग चालवून दाखवतात. मागांचा कानठळ्या बसवणारा आवाज पाहुण्याला ऐकू येतो. गिरणीत राबणाऱ्या मुली ज्या खाणावळींत राहत त्या खोल्या दाखवतात. त्या मागांवर जो कापूस विणला जाई तो दक्षिणेकडील मळ्यांत गुलामांनी वेचलेला होता, हे ज्याला कळते त्याला लॉवेलचे तलम कापड वेगळेच दिसू लागते. १९७२ साली अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून आपल्या तरुणांनी नाव घेतले तेव्हा असाच एक धागा जोडला गेला होता.

इतक्या लांब जायलाही नको. दादरची इंदू मिल ही त्याच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते त्या आवारात शिरले आणि ही जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी हवी म्हणून ठाण मांडून बसले. पुढे सरकारला जागा द्यावी लागली आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. म्हणजे बंद गिरणीची जमीन केवळ बिल्डरसाठी नसते, हे आपल्याच चळवळीने दाखवून दिले आहे. मग नांदेडच्या गिरणीच्या जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न नांदेडच्या माणसाने विचारायला नको काय?

लातूरची गंजगोलाई यादीत आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये बांधलेली ती गोल दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचे मंदिर आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. कुठे सोने, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ, असे मालागणिक वेगळे बाजार. पाहुणा वर्तुळ पाहतो. मी विद्यार्थ्यांना सांगतो, एकदा सराफ्याच्या रस्त्याने आत शिरा आणि चपलांच्या रस्त्याने बाहेर पडा. कोणत्या रस्त्यावर कोणती आडनावे आहेत ते पाटीवर वाचत चला. चातुर्वर्ण्याचा यापेक्षा सोपा नकाशा नाही. आणि पोती पाठीवर घेतलेल्या हमालाचे नाव कुठल्याच पाटीवर नाही, हेही लिहून घ्या.

५

आता यादीत अजिबात नसलेल्या जागा.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर जे कोसळले ते सर्वज्ञात आहे. ४ ऑगस्ट १९७८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जाळून मारण्यात आले. पोचिराम मातंग समाजाचे. नामांतर हा एका जातीचा हट्ट आहे असे म्हणणाऱ्यांना टेंभुर्णीचे हे उत्तर आहे. पंधरा वर्षे गेली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड आणि लातूरची महाविद्यालये नव्या विद्यापीठाकडे आली. स्वामीजींच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्याविषयी आम्हाला आदरच आहे. पण वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे : ज्या जिल्ह्यातल्या माणसांनी नावासाठी प्राण दिले त्या जिल्ह्यातल्या मुलांच्या पदवीवर ते नाव येत नाही. टेंभुर्णीचा मुलगा पदवीधर होतो तेव्हा पोचिराम कांबळे कोण हे त्याला प्रमाणपत्र सांगत नाही, अभ्यासक्रमही क्वचितच सांगतो. मग निदान जागेने सांगावे. टेंभुर्णी हे आमचे प्रेक्षणीय स्थळ आहे. तेथे पाहण्यासारखे काही नाही असे म्हणणाऱ्याला म्हणावे, उभा राहा आणि गावाची वेस कुठे आहे, वस्ती कुठे आहे, एवढे पाहा.

दुसरी जागा आनंदाची आहे. अर्धापूर तालुक्यातल्या दाभडला बावरीनगर महाविहार आहे. पौष पौर्णिमेला तेथे धम्म परिषद भरते, गावोगावचे बौद्ध पांढरी वस्त्रे नेसून येतात. बावरी हे नाव कुठून आले? सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. तो कोसलातून दक्षिणेस आला आणि अस्सकांच्या मुलखात गोदावरीच्या काठी राहिला. बुद्धाची कीर्ती ऐकून त्याने आपले सोळा शिष्य प्रश्न विचारण्यासाठी उत्तरेस पाठवले. अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे नांदेडला लागून असलेले आजचे बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा आपण १९५६ मध्ये कुठलातरी परका धर्म आणला असे ज्यांना वाटते त्यांनी या नदीला विचारावे. लातूरहून फार दूर नसलेल्या तेरला त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे, चैत्यगृहाची असते तशी. मुळात ते बौद्ध चैत्यगृहच, असे पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी सांगितले आहे. हेच तेर म्हणजे प्राचीन तगर. येथून कापड भडोचच्या बंदराला जात असे, हे ‘पेरिप्लस’मध्ये नोंदलेले आहे. कापूस आणि धम्म, दोन्ही या मातीत जुने आहेत.

६

मग करायचे काय? स्मारकांची मागणी करणे हे एक काम आहे आणि ते चळवळ करील. पण प्रत्येक गोष्ट सरकारी फलकाची वाट पाहत ठेवू नये. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आजपासून करता येईल असे पुष्कळ आहे. गिरणीतले जे कामगार हयात आहेत त्यांच्याकडून खात्यांची नावे, पाळ्या, पगार, संप, चाळी, पाणवठे, सगळे लिहून घ्या. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही. महाविद्यालयाची सहल किल्ल्यावर जाते, ती टेंभुर्णीला आणि बावरीनगरलाही न्या. गुरुद्वाऱ्यात गेलात तर रविदासांची वाणी कुठे आहे ते विचारा. तेथे ती आदराने दाखवतील. आपल्या वस्तीतले पहिले विहार कधी बांधले, विटा कुणी दिल्या, जागेसाठी कुणाशी भांडावे लागले, हे त्या विहाराच्या भिंतीवर चार ओळींत लिहा.

ज्या समाजाला हजारो वर्षे दिसू दिले नाही, ज्याची सावलीही दिसू नये अशी व्यवस्था होती, त्याच्या दृष्टीने ‘पाहण्यासारखे’ हा शब्द साधा नाही. यादी करणाऱ्याच्या हातात लेखणी असते. ती आता आपल्याही हातात आली आहे. त्या मुलीने मारलेली रेघ तिनेच खोडली पाहिजे, आणि सातव्या क्रमांकावर का होईना, ‘आमच्या वस्तीतले विहार’ असे पुन्हा लिहिले पाहिजे.